चिटणीस कोणाचा? : उच्च माध्यमिक वाणिज्य पाठ्यक्रमाची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : वाणिज्य शिक्षण, कनिष्ठ महाविद्यालय, पाठ्यपुस्तक, चिटणीसाची कार्यपद्धती, पुस्तपालन, सहकार, व्यवसायशिक्षण

प्रास्ताविक

प्रथम वर्ष वाणिज्य वर्गास अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांच्या बोलण्यात एक तक्रार वारंवार येते. बारावीला पुस्तपालनात ऐंशी-नव्वद गुण मिळवून आलेल्या विद्यार्थ्यासमोर प्रत्यक्ष दुकानाची वही ठेवली की तो गोंधळतो. ही तक्रार जुनी आहे. तिचा रोख बहुधा विद्यार्थ्यावर किंवा कनिष्ठ महाविद्यालयातील आपल्या बांधवांवर असतो, आणि प्राध्यापक कक्षातील चहाबरोबर ती संपते. ज्या पुस्तकांतून हा विद्यार्थी घडला ती पुस्तके मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी सलग वाचलेली असतात. प्रस्तुत लेखिकेनेही ती अध्यापनाच्या सहाव्या वर्षी प्रथम वाचली, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

प्रस्तुत लेखात अकरावी (२०१९) व बारावी (२०२०) साठी बालभारतीने प्रकाशित केलेल्या वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांपैकी 'चिटणीसाची कार्यपद्धती', 'पुस्तपालन व लेखाकर्म' आणि 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' या तीन विषयांचा विचार केला आहे. पहिल्यास अधिक जागा दिली आहे. ही पुस्तके कोणते व्यवसायजग गृहीत धरतात, त्या जगात विद्यार्थ्याला कोणत्या खुर्चीवर बसवतात, आणि ती खुर्ची त्याच्या वाट्याला कितपत येण्याची शक्यता आहे, एवढेच प्रश्न येथे तपासावयाचे आहेत. निकालांची आकडेवारी व अध्यापन पद्धती हे स्वतंत्र विषय असल्याने त्यांत शिरलेले नाही.

पार्श्वभूमी

व्यवहारोपयोगी शिक्षणाची मागणी महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असे सुचविले होते. हिशेब न समजणाऱ्या रयतेचे काय होते हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यामुळे त्यांच्या लेखी हिशेब हा नोकरीचा विषय नव्हता, तो संरक्षणाचा विषय होता. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमचा धागाही याच भूमीतला आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात ही मागणी उद्दिष्टांच्या भाषेत मांडली जाऊ लागली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीनंतरच्या टप्प्यावर सुमारे निम्मे विद्यार्थी १९८६ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळावेत, अशी अपेक्षा ठेवली. १९८६ उजाडले तेव्हा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उद्दिष्ट १९९० पर्यंत १० टक्के व १९९५ पर्यंत २५ टक्के असे ठरविले. १९९२ च्या कृती कार्यक्रमाने हीच टक्केवारी १९९५ आणि २००० वर ढकलली. २०२० च्या धोरणात पुन्हा ५० टक्के हा आकडा आला, मुदत २०२५. मात्र आता शब्द बदलला होता. विद्यार्थी व्यवसायशिक्षणाकडे 'वळावेत' ही अपेक्षा मागे पडून किमान निम्म्या विद्यार्थ्यांना त्याची 'ओळख' व्हावी, एवढीच उरली. आकडा कोठारींचा राहिला, आशय बराच पातळ झाला. याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे असे नोंदविले आहे की, १९ ते २४ वयोगटातील भारतीय श्रमशक्तीपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांना औपचारिक व्यवसायशिक्षण मिळाले होते. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के, तर दक्षिण कोरियात ९६ टक्के होते.

महाराष्ट्रात या दिशेने दोन वाटा काढल्या गेल्या. १९७८-७९ पासून द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आणि १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, ज्याला सर्वत्र 'एमसीव्हीसी' म्हणूनच ओळखले गेले. विपणन व विक्रीकला, लेखाशास्त्र व अंकेक्षण यांसारखे वाणिज्य गटातील विषय त्यात होते. परंतु या वाटा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे, तर सर्वसाधारण वाणिज्य शाखा शिक्षण विभागाकडे राहिली. त्याचा परिणाम असा झाला की, 'हाताने काम करणारे' तिकडे आणि 'परीक्षा देणारे' इकडे अशी विभागणी समाजमनात पक्की झाली, आणि व्यवहाराची जबाबदारी आपली नाहीच, असे सर्वसाधारण वाणिज्य शाखेने जणू मान्य करून टाकले. वस्तुतः व्यवसायाचे नाव घेऊन हजारो मुलांना बोलावणारी शाखा हीच आहे.

चिटणीसाची खुर्ची

'चिटणीस' हा शब्द मराठी कानाला परिचित आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्यापासून ते राजकीय पक्षांच्या सरचिटणीसांपर्यंत त्याचा प्रवास झाला आहे. पत्रे लिहिणारा, दप्तर सांभाळणारा, धन्याच्या मनातले शब्दांत उतरवणारा तो चिटणीस. पाठ्यपुस्तकातील चिटणीस मात्र एकाच ठिकाणी बसतो. तो भागभांडवलाच्या सार्वजनिक कंपनीचा चिटणीस आहे. बारावीच्या पुस्तकातील प्रकरणांचा क्रमच पाहावा. कंपनीचा वित्तपुरवठा, त्याचे मार्ग, भागांची विक्री, कर्जरोख्यांची विक्री, ठेवी. मग सभासदांशी, कर्जरोखेधारकांशी व ठेवीदारांशी पत्रव्यवहार. पुढे डिपॉझिटरी व्यवस्था, लाभांश व व्याज, वित्तीय बाजार आणि शेअर बाजार. आराखडा म्हणून हे सुसंगत आहे. किंबहुना तिन्ही पुस्तकांत सर्वांत नेटकी रचना याच पुस्तकाची आहे, आणि कंपनीला पैसा कोठून येतो हे सतरा वर्षांच्या मुलास इतक्या क्रमाने सांगणारे दुसरे मराठी पुस्तक सहज सापडणार नाही.

अडचण खुर्चीची आहे. कंपनी अधिनियम, २०१३ व त्याखालील नियमांनुसार पूर्णवेळ कंपनी चिटणीस नेमण्याची सक्ती शेअर बाजारात नोंदणीकृत कंपन्यांना आणि दहा कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना आहे. खासगी कंपन्यांसाठीची पाच कोटींची पूर्वीची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने दहा कोटी झाली. शिवाय त्या पदासाठी १९८० च्या कंपनी चिटणीस अधिनियमानुसार संबंधित संस्थेचे सदस्यत्व लागते. म्हणजे बारावीचा विद्यार्थी ज्या पदावरून पत्र लिहितो, ते पद आणखी कित्येक वर्षांच्या व्यावसायिक परीक्षांनंतर मिळणारे आहे. जनतेकडून ठेवी स्वीकारणारी कंपनी तर याहून दुर्मीळ. किमान शंभर कोटींचे नक्त मूल्य किंवा पाचशे कोटींची उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपनीलाच ती मुभा आहे. अशा कंपनीच्या वतीने ठेवीदाराचे आभार मानणारे पत्र हा परीक्षेतील हमखास प्रश्न असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पत्राच्या दिशेची आहे. भाग मंजूर झाल्याचे, लाभांश अधिपत्राने वा इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्याचे, बोनस भाग दिल्याचे, कर्जरोख्यांचे समभागांत रूपांतर केल्याचे, ठेवीचे नूतनीकरण केल्याचे, अशी सगळी पत्रे कंपनीकडून निघतात. सभासदाने, ठेवीदाराने कंपनीला लिहावयाचे पत्र विद्यार्थ्याच्या वाट्यास येत नाही. सात वर्षे न मागितलेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतो, हा नियम तो पाठ करतो. पण आपल्या आजोबांच्या जुन्या कपाटात कंपनीचे पिवळे पडलेले भागप्रमाणपत्र सापडले तर काय करावयाचे, हे त्याला कळत नाही. नोंदणीकृत कंपनीचे कागदी भाग १ एप्रिल २०१९ पासून हस्तांतरित करता येत नाहीत. आधी ते डीमॅट करावे लागतात. डीमॅट म्हणजे काय याची व्याख्या त्याला दोन गुण देते, कपाटातील कागद मात्र तेथेच राहतो.

ठेवीदाराच्या बाबतीत ही एकांगी दृष्टी केवळ उणीव राहत नाही. महाराष्ट्रात सामान्य कुटुंबाची ठेव बड्या कंपनीत क्वचितच असते; ती पतसंस्थेत, नागरी सहकारी बँकेत असते, आणि कधी कधी जादा व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या एखाद्या 'योजने'त. अशा ठेवी बुडण्याचे प्रकार इतके घडले की, राज्याला १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. सहकारी बँकेतील ठेवीस २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. दोहोंच्या पाट्या एकाच बाजारपेठेत, कधी एकाच इमारतीत लागलेल्या असतात. वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्याला हा एक फरक माहीत असावा, अशी अपेक्षा फार मोठी नाही. फुले ज्याला संरक्षण समजत होते ते हेच.

मग मराठी समाजात चिटणीस प्रत्यक्ष कोठे भेटतो? तो गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून भेटतो, विकास सोसायटीचा गटसचिव म्हणून भेटतो, दूध संस्थेचा, बचत गटाचा सचिव म्हणून भेटतो. २००२ च्या कायदा दुरुस्तीनंतर स्थापन होऊ लागलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांमध्येही दप्तर सांभाळणारा कोणी तरी लागतो आणि तो बहुतेक वेळा गावातलाच बारावी-पदवी झालेला तरुण असतो. या सर्वांना सभेची सूचना काढावी लागते, गणपूर्ती पाहावी लागते, इतिवृत्त लिहावे लागते, थकबाकीदाराला न दुखावता पण ठामपणे पत्र पाठवावे लागते. अकरावीच्या पुस्तकात सभा, सूचना व इतिवृत्त यांची तत्त्वे आहेत. ती सर्वत्र लागू पडणारी आहेत, परंतु उदाहरणे कंपनीच्या दालनातून बाहेर पडत नाहीत. 'सहकार' हा विषय मंडळाच्या यादीत आहे हे खरे. पण तो ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक विषय कोणता ठेवायचा हे विद्यार्थ्यापेक्षा महाविद्यालयातील मंजूर पदे ठरवतात, हे आपण सारे जाणतो. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या राज्यात चिटणिसाच्या अभ्यासाचा कणा सहकारी संस्थेला न मानता तिला कडेच्या खोलीत बसवणे प्रस्तुत लेखिकेस अनाकलनीय वाटते.

वही आणि उदाहरण

पुस्तपालनाविषयी वेगळ्या स्वरात बोलले पाहिजे. हा विषय काटेकोर आहे, आणि द्विनोंदी पद्धतीचे जे संस्कार दोन वर्षांत होतात त्यांवरच आपली पदवीची इमारत उभी राहते. नव्या पुस्तकात वस्तू व सेवा कराच्या नोंदी आल्या, हेही स्वागतार्ह. भागीदारीवरील प्रकरणे तर सामाजिक दृष्ट्या अत्यंत मोलाची आहेत. भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू, संस्थेचे विसर्जन ही शीर्षके वाचताना आपल्या बाजारपेठेतील कितीतरी दुकानांच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. दोन भावांनी एकत्र चालवलेले दुकान, एकाचा अकाली मृत्यू, त्याच्या पत्नीचा हिस्सा, ख्यातीचे मूल्य कोणी व कसे ठरवायचे हा तंटा! करारपत्र नसेल तर नफा समान वाटला जातो आणि भागीदाराच्या कर्जावर सहा टक्के व्याज मिळते, या १९३२ च्या कायद्यातील तरतुदी विद्यार्थी उदाहरणे सोडवताना वापरतो. परंतु नोंदणी न केलेल्या भागीदारीला आपल्या हक्कासाठी न्यायालयात दावा लावता येत नाही, ही त्याच कायद्यातील तरतूद त्या विधवेच्या दृष्टीने काय अर्थाची आहे, याची चर्चा वर्गात होण्यास वाव उरत नाही. उदाहरणातील मृत भागीदाराचे खाते त्याच्या वारसाच्या कर्ज खात्यात वर्ग झाले की उदाहरण संपते.

विनिमय विपत्राच्या प्रकरणाची कथा अधिक बोलकी आहे. एकाने दुसऱ्यावर विपत्र काढावयाचे, त्याने स्वीकारावयाचे, मुदतीत सवलतीचे तीन दिवस मिळवावयाचे, बँकेत वटवावयाचे, अनादर झाल्यास निकराई-सिकराईचा खर्च नोंदवावयाचा. हा शेवटचा शब्द हुंडीच्या व्यवहारातून चालत आला आहे आणि तो टिकला याचा आनंदच आहे. विद्यार्थी हे प्रकरण गुणांसाठी आवडीने करतात. पण त्यांच्या घरच्या किंवा शेजारच्या दुकानात उधारी वहीत लिहिली जाते, पुढच्या तारखेचा धनादेश घेतला जातो, किरकोळ वसुली यूपीआयने होते. विपत्र त्यांनी पाहिलेले नसते. यावर विपत्राचे प्रकरण कालबाह्य म्हणून वगळावे, असे अनेक सहकारी सुचवितात. ते प्रस्तुत लेखिकेस मान्य नाही. लघुउद्योजकाची अडकलेली रक्कम हा आजचाही प्रश्न आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत देण्याचे बंधन घातले, २०२३ च्या वित्त अधिनियमाने सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी मुदतीत न भागवणाऱ्यास त्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावट लांबणीवर पडेल अशी तरतूद केली, आणि रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत २०१७ पासून चालू झालेल्या ट्रेड्स मंचांवर अशी देयके लिलावाने वटवली जातात. हे विपत्र वटवणेच आहे, फक्त कागद गेला. प्रकरण जिवंत करण्यास एवढा एक दुवा पुरेसा होता. पुस्तक मात्र १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या दारात थांबते.

येथे वर्गातील एक प्रसंग सांगणे अस्थानी ठरू नये. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीची आई बचत गटाची सचिव होती. गटाच्या वहीतील शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातील शिल्लक जुळत नव्हती, आणि गटातील बायकांमध्ये त्यावरून कुजबुज सुरू झाली होती. घरी दोन दिवस कोणी नीट जेवले नव्हते. मुलगी वही व पासबुक घेऊन आली आणि 'मॅडम, आईवर आळ येतोय' एवढेच म्हणाली. पाहिले तर एक धनादेश भरलेला होता पण वटला नव्हता आणि बँकेने काही आकार परस्पर वजा केला होता. बँक जुळवणी पत्रकाचे हे अगदी पहिल्या पानावरचे उदाहरण. तिने अकरावीला अशी उदाहरणे वीस-पंचवीस तरी सोडवली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. हे तेच आहे, असे सांगितल्यावर ती काही वेळ वहीकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःच पंधरा मिनिटांत पत्रक तयार केले. तिला येत नव्हते असे नाही. आपल्या घरातील वही आणि पुस्तकातील उदाहरण एकाच जातीचे आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

तत्त्वांची यादी

'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' या पुस्तकाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता वाटत नाही. फेयॉल यांची चौदा तत्त्वे, व्यवस्थापनाची कार्ये, उद्योजकाची गुणवैशिष्ट्ये, विपणनाची कार्ये, सारे काही मुद्द्यांच्या रूपात मांडलेले आहे आणि ते त्याच रूपात उत्तरपत्रिकेत उतरते. उद्योजकता विकासाच्या प्रकरणात जोखीम पत्करणे हा गुण सांगितला आहे, परंतु विद्यार्थ्यास साधा खर्चाचा अंदाज करण्याची जोखीमही पत्करावी लागत नाही. ग्राहक संरक्षण हे यातील सर्वांत उपयुक्त प्रकरण. त्यातही पाठांतराचा धोका दिसतो. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाची अधिकारमर्यादा एक कोटी रुपये होती. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती पन्नास लाख झाली. जो विद्यार्थी आकडा शिकला त्याचे ज्ञान वर्ष-दोन वर्षांत शिळे झाले. तक्रार अर्ज लिहावयास शिकला असता तर ते झाले नसते.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सर्वसाधारण वाणिज्य शाखा ही व्यवसायशिक्षणाची शाखाच नव्हे, ती बी. कॉम., सनदी लेखापाल, कंपनी चिटणीस इत्यादी पुढील अभ्यासाची पूर्वतयारी आहे. कंपनी केंद्रस्थानी असणे म्हणून योग्यच. हा आक्षेप वजनदार आहे. पूर्वतयारी म्हणून पाहता ही पुस्तके बऱ्याच अंशी यशस्वीही आहेत. परंतु पूर्वतयारीचे गणित पुढे जाणाऱ्यांना गृहीत धरून मांडलेले असते. जे बारावीनंतर थांबतात, दुकानात, कारखान्याच्या भांडारात, पतसंस्थेच्या खिडकीवर किंवा लग्न होऊन दुसऱ्या गावी जातात, ते आपल्या पदवीच्या वर्गात येत नाहीत आणि म्हणून आपल्या चर्चेतही येत नाहीत. त्यांच्या दृष्टीने हे शेवटचे पुस्तक असते.

दहावीच्या टप्प्यावर २०१६ पासून काही वर्षे घेतल्या गेलेल्या कल चाचणीने कित्येकांना 'वाणिज्य' असा कौल दिला. त्या कौलाचा अर्थ काय, या शाखेतून नेमके कोणते काम करता येईल, हे समजावून सांगणारी व्यक्ती मात्र शाळेत नव्हती. वर्गशिक्षकाने अहवालाचा कागद दिला आणि पालकाने तो घडी करून ठेवला, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी समुपदेशन आटोपले.

वीस गुणांची जागा

पुस्तके पुन्हा लिहिली जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. या विषयांच्या मूल्यमापनात ऐंशी गुण लेखी परीक्षेस आणि वीस गुण अंतर्गत कामास आहेत. हे वीस गुण सध्या प्रकल्पवहीच्या नावाखाली मागील वर्षीची वही उतरवून काढण्यात खर्ची पडतात, हे कनिष्ठ विभागातील सहकारी खासगीत मान्य करतात, आणि ऐंशी-शंभर मुलांच्या तुकड्या पाहता त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तरीही 'चिटणीसाची कार्यपद्धती' पुरते एक सुचवावेसे वाटते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७५ नुसार प्रत्येक संस्थेस आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. पत्रके वाटली जातात, अहवाल छापले जातात, मंदिराच्या सभामंडपात किंवा इमारतीच्या वाहनतळात खुर्च्या मांडल्या जातात. विद्यार्थ्याच्या आईवडिलांपैकी कोणी ना कोणी एखाद्या संस्थेचे सभासद असतेच. संस्थेच्या परवानगीने त्या सभेस बसावे, सूचना व विषयपत्रिका वहीत चिकटवावी, गणपूर्ती झाली का ते पाहावे, आणि घरी येऊन इतिवृत्त लिहावे. ताळेबंदावर एखाद्या सभासदाने प्रश्न विचारला तर तो प्रश्न आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे उतरवावे. अहवालाची प्रत बहुधा घरात पडूनच असते, आणि सप्टेंबरात महाविद्यालय चालू असते.